आम्ही नांदेडची माणसं, आम्हाला ऊन काय सांगता?

मार्च संपत आला की आमच्या ओपीडीत एक मागणी हमखास येते. "डॉक्टरसाहेब, मुलांच्या परीक्षा झाल्या की दुबईला जाऊन येतोय. सोबत ठेवायला काही गोळ्या लिहून द्या." कुणी बँकॉक-पटाया म्हणतं, कुणी सिंगापूर-मलेशिया, कुणी बाली. यादीत तापाची, उलटीची, जुलाबाची, अ‍ॅसिडिटीची गोळी असते. मी उन्हाबद्दल काही बोलायला लागलो की समोरचे हसतात. "साहेब, आम्ही नांदेडची माणसं. आम्हाला ऊन काय सांगता?" लातूरचे पाहुणेही हेच म्हणतात, फक्त गावाचं नाव बदलतं.

माझं भांडण नेमकं या वाक्याशी आहे. सहलीला जायला माझी हरकत नाही. दोन-दोन वर्षं अभ्यासात जुंपलेल्या पोरांना आई-बापासोबत चार दिवस मोकळे मिळावेत, हे मला डॉक्टर म्हणून आणि माणूस म्हणूनही पटतं. पण "आपल्याला सवय आहे" या भरवशावर जेव्हा सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला भर दुपारी तिकडच्या उन्हात उभं केलं जातं, तेव्हा तो भरवसा दोन ठिकाणी खोटा ठरतो. एक तर तिकडचं ऊन आपल्या उन्हासारखं नसतं. आणि दुसरं, ती सवय तुम्हाला असेलही, पण तुमच्या मुलाला ती बहुतेक वेळा नसतेच.

आधी उन्हाचं बघू. त्यासाठी घरातला माठ आठवा. नांदेडला मे महिन्यात बाहेर ४२ अंश असतात, हवा कोरडी ठणठणीत असते, आणि माठातलं पाणी इतकं गार लागतं की दात शिवशिवतात. हाच माठ मुंबईच्या नातेवाइकांकडे नेऊन ठेवा. तिथे पारा ३४-३५च्या पुढे जात नाही, पण माठातलं पाणी कोमटच राहतं. कारण माठ गार होतो तो त्याच्या अंगावरून पाझरणारं पाणी वाळतं म्हणून, आणि दमट हवेत ते वाळतच नाही. कूलरचंही तसंच. मेमध्ये खोली थंड करणारा कूलर पाऊस सुरू झाला की नुसता चिकचिकाट करतो, हे तुम्ही दरवर्षी बघता.

आपलं शरीर म्हणजे असाच एक माठ आहे. बाहेरची हवा अंगापेक्षा गरम झाली की शरीराकडे थंड होण्याचा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे घाम वाळणं. इथे घाम येण्यापेक्षा वाळण्याला महत्त्व आहे. एक लिटर घाम कातडीवरच वाळला, तर तो शरीरातली सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. तोच घाम हनुवटीवरून टपटप खाली गळला, तर पाणी आणि मीठ गेलं, थंडावा मात्र मिळाला नाही.

आता आकडे बघा. ४२ अंश तापमान आणि हवेत १५ टक्के आर्द्रता, ही नांदेडची मेमधली दुपार. अशा हवेत ओलं फडकं गुंडाळलेला तापमापक सुमारे २२ अंशांपर्यंत उतरतो. माठ जास्तीत जास्त किती गार होऊ शकतो, त्याची ही मर्यादा समजा. आता ३५ अंश आणि ६५ टक्के आर्द्रता घ्या. समुद्राकाठच्या गरम शहरात उन्हाळ्यात असे दिवस येतात. तिथे तोच तापमापक २९ अंशांच्या आसपासच अडकतो. पारा सात अंशांनी कमी, आणि शरीराला थंड व्हायची जागाही सात अंशांनी कमी! म्हणून मोबाइलवर हवामान बघताना मोठ्या अक्षरातला आकडा बघून "आपल्यापेक्षा थंड आहे की" असं म्हणू नका. त्याच्या खाली बारीक अक्षरात "फील्स लाइक" लिहिलेलं असतं, ते वाचा. वरच्या उदाहरणात ३५ अंशांचं ते ४७च्या घरात जातं. आपले कोरडे ४२ मात्र ४०-४१ सारखेच भासतात.

महाराष्ट्राने हे एकदा फार मोठी किंमत देऊन पाहिलं आहे. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईत खारघरला महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा झाला. लाखो माणसं उघड्या मैदानात कित्येक तास बसली होती. त्या दिवशी तिथे पारा ३८च्या आसपास होता. नांदेडकर ज्याला "आज जरा बरं आहे" म्हणतील असा तो आकडा. उष्माघाताने १४ जणांचा जीव गेला. आकडा ३८चा असला तरी हवा खाडीकाठची होती, सावली नव्हती आणि माणसं तासन् तास तिथून हलली नव्हती.

याचा अर्थ कोरडं ऊन निरुपद्रवी असतं असा कुणी घेऊ नये. जून २०२४ मध्ये हजच्या काळात मक्केत पारा ५१.८ अंशांवर गेला होता आणि १,३००हून अधिक यात्रेकरू दगावले. मुद्दा इतकाच की प्रत्येक गावचं ऊन वेगळं असतं, आणि एका गावची सवय दुसऱ्या गावी जशीच्या तशी कामाला येत नाही.

"आम्हाला कुणाला काही झालं नाही, यालाच का?"

काही वर्षांपूर्वी एक वडील आपल्या मुलाची तिकडच्या दवाखान्याची फाइल घेऊन आले. मुलगा सतरा वर्षांचा, लातूरला होस्टेलवर राहून दोन वर्षं नीटची तयारी केलेला. रविवारी परीक्षा झाली, मंगळवारी रात्री गाडीने हैदराबाद, पहाटेचं विमान, आणि त्याच दिवशी दुपारपासून फिरणं सुरू. तिसऱ्या दिवशी वाळवंटाच्या सफरीत त्याचं डोकं दुखायला लागलं, दोन उलट्या झाल्या आणि उभ्या उभ्या खाली बसला. रात्रभर सलाइन लागली. सुदैवाने वेळेत लक्ष गेलं, पोरगं ठणठणीत बरं झालं. वडिलांचा प्रश्न मात्र रास्त होता. "साहेब, मी पन्नाशीचा. मला बीपी आहे. मला काही झालं नाही, हिच्या आईला काही झालं नाही, धाकटीला नाही. मग यालाच का?"

कारण त्या घरात उन्हाची सवय नसलेला तोच एक होता!

वडिलांचं दुकान. रोज दुपारी स्कूटरवरून माल आणायला मोंढ्यात जाणारा माणूस. त्यांच्या शरीराला मार्चपासून हळूहळू सवय झालेली. अशी सवय लागायला साधारण एक ते दोन आठवडे लागतात, आणि तेवढे दिवस रोज थोडा वेळ उन्हात अंगाला घाम आणणारी हालचाल करावी लागते. मग घाम लवकर सुटायला लागतो, जास्त येतो, त्यातून मीठ कमी जातं, रक्तातलं पाणी वाढतं, हृदयाचे ठोके कमी वाढतात. ही कमाई उन्हात जाणं बंद केलं की दोन-तीन आठवड्यांत बरीचशी ओसरते. ती जन्माने मिळत नाही आणि आधार कार्डावरच्या पत्त्याने तर नाहीच नाही.

आता मुलाचे गेले काही महिने बघा. लातूरचा ट्यूशन एरिया असो की नांदेडचं भाग्यनगर, पोरं सकाळी ऊन चढायच्या आत क्लासमध्ये शिरतात. क्लासमध्ये एसी, अभ्यासिकेत एसी, होस्टेलवर कूलर, संध्याकाळी पुन्हा टेस्ट सिरीज. खेळाचा तास आठवीतच संपलेला असतो. लातूर पॅटर्नने घरोघरी डॉक्टर-इंजिनिअर दिले, त्याचा मलाही अभिमान आहे. पण त्या दोन वर्षांत मुलांचं वजन वाढतं, दम कमी होतो आणि ऊन हे फक्त खिडकीतून दिसतं. मे महिन्यात लातुरात राहणारा हा मुलगा उन्हाच्या हिशेबाने एखाद्या थंड गावातून आलेल्या पाहुण्यासारखाच असतो.

त्यात झोपेची थकबाकी. परीक्षेआधीचा महिना चार-पाच तासांच्या झोपेवर गेलेला. मग रात्रीचा प्रवास आणि पहाटेचं विमान. झोप अपुरी असली की उन्हात शरीराचा तोल सांभाळणं अवघड होतं, आणि "आता थांबावं" हे कळणंही उशिरा होतं.

एक गैरसमज मात्र दूर करतो. आमच्या पिढीला शिकवलं होतं की मुलांचं शरीर मोठ्यांपेक्षा मुळातच उन्हाला कच्चं असतं. आता तसं मानत नाहीत. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०११ मध्येच आपलं मत बदललं. निरोगी मुलाला पुरेसं पाणी, विश्रांती आणि सवय मिळाली तर तो मोठ्यांइतकंच ऊन सोसू शकतो, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे दोष वयाचा नाही, तयारीचा आहे. हे मला दिलासा देणारं वाटतं, कारण वय आपल्या हातात नाही, तयारी आहे.

वयाचा एक भाग मात्र उरतोच, तो म्हणजे स्वभाव. लहान मूल "पाय दुखतात, कडेवर घे" म्हणून रडतं. म्हातारा माणूस "मी इथेच बसतो, तुम्ही जाऊन या" म्हणतो. पंधरा ते अठराचं पोरगं यातलं काहीच म्हणत नाही. चुलत भावंडांसमोर कमीपणा नको. अंगात काळा टी-शर्ट आणि घट्ट जीन्स, कारण फोटो चांगले येतात. टोपी घातली की केस बिघडतात. गप्प गप्प झालं तर आपण समजतो, मोबाइलमध्ये आहे. चिडचिड केली तर समजतो, वयच तसं आहे. आणि उन्हाचा त्रास सुरू झाल्याची पहिली खूण नेमकी हीच असते, गप्प होणं नाहीतर चिडणं. फिरताना नेहमी बडबड करणारं मूल अर्धा तास बोललं नाही, तर त्याच्यावर रागावण्याआधी त्याला सावलीत बसवा, पाणी द्या आणि मग काय झालं ते विचारा.

मुलींबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण घरात हे कुणी बोलत नाही. बाहेर बाथरूमची सोय कशी असेल या धास्तीने मुली प्रवासात पाणीच पीत नाहीत. शाळेत, क्लासमध्ये त्यांना ही सवय लागलेलीच असते. पाळी चालू असेल तर आणखी. मग उन्हाळी लागते, लघवीला जळजळ होते, डोकं दुखतं, आणि आपण म्हणतो बाहेरचं खाणं बाधलं. आईने सहलीआधी मुलीशी हे सरळ बोलून घ्यावं, आणि वडिलांनी दर दीड-दोन तासांनी कुणाला विचारत न बसता स्वच्छ बाथरूम असलेल्या ठिकाणी सगळ्यांनाच थांबवावं. "कुणाला जायचंय का?" असं चारचौघांत विचारलं की मुली हमखास "नाही" म्हणतात.

तारीख ठरवताना

अलीकडे नीट मेच्या पहिल्या रविवारी असते, निकाल जूनमध्ये लागतो, मग कौन्सेलिंगची धावपळ. त्यामुळे आई-वडिलांना मोकळा दिसतो तो मेचा दुसरा-तिसरा आठवडाच. "सहल दिवाळीत करा" असं सांगणं सोपं आहे. तिकडची हवाही नोव्हेंबरनंतर खरंच छान असते. पण दिवाळीत हेच पोरगं पहिल्या वर्षाला कुठल्या तरी लांबच्या गावी असेल, हे मला कळतं. म्हणून मेमध्ये जायचं तर जा. पण परीक्षा आणि विमान यांच्यात निदान दहा दिवस ठेवा.

या दहा दिवसांत पहिले तीन-चार दिवस मुलाला झोपू द्या. दुपारी बारापर्यंत झोपला तरी ओरडू नका. नंतर रोज सकाळी साडेसात-आठला किंवा संध्याकाळी साडेपाचनंतर बाहेर काढा. नांदेडकरांनी विष्णुपुरीच्या रस्त्याला जावं, लातूरकरांनी औसा रोडला, कुठेही चालेल. पहिल्या दिवशी वीस मिनिटं, मग रोज थोडं वाढवत पाऊण तासापर्यंत न्या. चाल अशी हवी की अंगाला घाम सुटेल. भर दुपारी उन्हात उभं करून "सवय लावणं" हा शुद्ध वेडेपणा आहे, तो कुणी करू नये. कोरड्या हवेतली ही तयारी दमट हवेत पूर्ण पुरत नाही, पण बरीच मदत करते. शिवाय दोन वर्षांनी बाप-लेक एकत्र चालायला जातात. त्याचं वैद्यकीय मोल मला सांगता येणार नाही, पण काहीतरी आहे.

आता सहलीच्या कार्यक्रमाकडे येऊ. टूरवाल्याने दिलेला कागद घ्या आणि त्यात दुपारी बारा ते चारच्या मध्ये उघड्यावरचं काय काय आहे, त्याखाली रेघ मारा. संयुक्त अरब अमिरातीत १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी साडेबारा ते तीन उघड्या उन्हात मजुरांकडून काम करून घ्यायला सरकारी बंदी आहे. ज्या देशात उन्हाळ्यात रोज राबणाऱ्या, सवयीच्या माणसालाही दुपारी सावलीत बसवतात, तिथे आपण हौसेने पैसे भरून सवय नसलेल्या पोराला त्या वेळी बाहेर का काढावं? मेमध्ये ती बंदी नसते, पण आपण आपल्यापुरती लागू करायला कुणाची परवानगी लागत नाही.

दिवसाला तीन-चार ठिकाणं बघायचा आग्रहही सोडा. "एवढे पैसे भरलेत, बघून तर घेऊ" ही आपली मराठवाडी काटकसर सहलीत फार नडते. दिवसाला उघड्यावरचं एकच ठिकाण पुरे. आणि इथे पोरांचं वय तुमच्या मदतीला येतं. या वयात शरीराचं घड्याळ तासा-दोन तासांनी पुढे सरकलेलं असतं. रात्री उशिरापर्यंत झोप येत नाही आणि सकाळी उठवत नाही. गरम मुलखातली शहरंही तशीच, खरी जागी होतात ती सूर्य मावळल्यावर. मग पहाटे सहाला सगळ्यांना उठवून बसमध्ये कोंबण्यापेक्षा सकाळ निवांत घालवा, दुपारी एखादं संग्रहालय, मत्स्यालय किंवा नुसती झोप, आणि संध्याकाळी सहानंतर बाहेर पडा. आजी-आजोबा सोबत असतील तर त्यांनाही हेच सोयीचं पडतं.

एसीतून उन्हात आणि उन्हातून एसीत गेलं की "सर्द-गरम" होऊन माणूस आजारी पडतो, असं घराघरांत सांगतात. मला त्यात फारसं तथ्य दिसत नाही. उलट मधला एसीतला तासभर म्हणजे शरीराला मिळालेली विश्रांती असते. वाईट एवढंच की एसीत तहान जाणवत नाही, म्हणून पाणी प्यायचं राहून जातं. वॉटर पार्कमध्येही तसंच फसायला होतं. पाण्यात खेळतानाही घाम येतो, फक्त तो दिसत नाही.

पाणी किती, हा प्रश्न हमखास येतो. उन्हात चालताना दर वीस-पंचवीस मिनिटांनी पेलाभर, तहान लागो न लागो. खरी मोजणी लघवीच्या रंगावरून करा. फिकट पिवळी असेल तर ठीक, हळदीसारखी गडद झाली तर पाणी कमी पडतंय. जेवण नीट चालू असेल तर दिवसभर ओआरएस पीत राहायची गरज नसते. ताक, मीठ घातलेलं लिंबू सरबत पुरतं. पण घामाने कपडे चिंब झाले, उलटी-जुलाब सुरू झाले, तर ओआरएसच हवं. पुडी इथूनच न्या. "जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार" असं छापलेली आणि एक लिटर पाण्यात मिसळायची पुडी बघून घ्या. ओआरएसच्या नावाखाली गोड सरबतं विकली जात होती. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी त्याविरुद्ध वर्षानुवर्षं लढा दिला, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयने अशा पेयांच्या नावात ओआरएस शब्द वापरायला मनाई केली. एनर्जी ड्रिंकचे डबे मात्र पोरांच्या हातातून काढूनच घ्या. परीक्षेच्या जागरणात लागलेली ती सवय सहलीत नको.

आणि कांदा. खिशात कांदा ठेवला की ऊन लागत नाही म्हणतात. ठेवायचा तर ठेवा, त्याने बिघडत काही नाही. पण कांदा आहे म्हणून टोपी राहिली तर बिघडतं.

ज्यांना वाटतं की आपण युरोपला चाललोय म्हणजे सुटलो, त्यांच्यासाठी दोन ओळी. १९ जुलै २०२२ रोजी इंग्लंडमध्ये पारा पहिल्यांदाच ४० अंशांच्या वर गेला. २००३च्या ऑगस्टमध्ये एकट्या फ्रान्समध्ये उष्णतेच्या लाटेत सुमारे १५ हजार माणसं दगावली. तिथली जुनी घरं आणि हॉटेलं थंडी अडवायला बांधलेली, बऱ्याच ठिकाणी एसी नाही, पंखाही नाही. जून-जुलैत जाणार असाल तर खोलीत एसी आहे का, हे बुकिंग करतानाच विचारा. मिळालेलं उत्तर लेखी घ्या.

गोळ्यांची पिशवी

सुरुवातीला ज्या गोळ्यांची यादी आली, तिच्यातच कधी कधी घोळ असतो. प्रवासात उलटी होऊ नये म्हणून घ्यायच्या काही गोळ्या घाम कमी करतात आणि गुंगी आणतात. त्या गाडीपुरत्या घ्या, उन्हात फिरायच्या आधी नको. मुरुमांसाठी डॉक्सिसायक्लिन किंवा आयसोट्रेटिनॉइन चालू असलेली पोरं या वयात बरीच असतात. या औषधांनी कातडी उन्हाला हळवी होते, तासाभरात चेहरा भाजल्यासारखा लाल होतो. अर्धशिशी किंवा फिट्ससाठी टोपिरामेट चालू असेल तर घामच कमी येतो. अशा मुलाला घेऊन गरम मुलखात जाण्याआधी तुमच्या डॉक्टरांना भेटाच. औषध मनाने बंद मात्र करू नका.

दुबईला जाताना आणखी एक. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, ट्रामाडॉलसारख्या वेदनाशामक गोळ्या, झोपेच्या काही गोळ्या तिथे नियंत्रित आहेत. आधी ऑनलाइन परवानगी घेतल्याशिवाय नेऊ नका. चिठ्ठी आणि मूळ वेष्टन सोबत ठेवा. आणि खसखस! तिथे खसखशीवर बंदी आहे. आजीने प्रेमाने बांधून दिलेल्या अनारशांवर ती लावलेली असते, घरच्या मसाल्यातही असते. बॅग भरताना बघून घ्या.

त्रास झालाच तर

डोकं दुखणं, मळमळ, पोटऱ्यांत गोळे, चक्कर, खूप घाम, पण शुद्ध आणि बोलणं ठीक. इथवर असेल तर सावलीत किंवा एसीत आडवं करा, पाय थोडे वर ठेवा, कपडे सैल करा, अंगावर पाणी शिंपडून वारा घाला, घोट घोट ओआरएस द्या. अर्ध्या तासात तरतरी यायला हवी. आली तरी त्या दिवशी पुन्हा उन्हात नाही.

पण बोलणं असंबद्ध झालं, चालताना झोक जातोय, ओळख पटत नाही, झटके आले किंवा शुद्ध हरपली, तर तो उष्माघात आहे. अंग तापलेलं असेल, पण कोरडंच असेल असं नाही. तरण्या पोरांमध्ये उष्माघातातही घाम सुरू असू शकतो. घाम येतोय म्हणून निर्धास्त राहू नका. अँब्युलन्सला फोन करा आणि ती येईपर्यंत थांबू नका, लगेच थंड करायला लागा. मिळेल त्या थंड पाण्याने अख्खं अंग भिजवा आणि जोराने वारा घाला. बर्फ मिळाला तर कपड्यात गुंडाळून मानेला, काखेत, जांघेत ठेवा. टबमध्ये गार पाणी भरता आलं तर फारच उत्तम, फक्त डोकं धरून बसा. "तापलेल्या अंगावर गार पाणी ओतलं तर दगावेल" हे खरं नाही. मेंदू वाचवायचा असेल तर पहिला अर्धा तास मोलाचा असतो. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका, श्वासनलिकेत जाईल. पॅरासिटामॉलही नको. हा ताप जंतूंचा नसतो, गोळीने उतरत नाही, आणि आधीच ताणात असलेल्या यकृतावर भार पडतो.

अँब्युलन्सचे नंबर निघण्याआधी मुलांच्याच मोबाइलमध्ये टाकायला सांगा. अमिरातीत ९९८, थायलंडमध्ये १६६९, सिंगापुरात ९९५, मलेशियात ९९९, व्हिएतनाममध्ये ११५, युरोपात कुठेही ११२. प्रवासाचा विमा काढलेला असतोच, पण त्याचा कागद वडिलांच्या ई-मेलमध्ये आणि वडील वाळूच्या टेकडीवर, असं होतं. त्याचा एक फोटो प्रत्येकाच्या फोनमध्ये हवा.

घरी परत आल्यावर दोन आठवड्यांच्या आत मुलाला ताप आला, तर "ऊन बाधलं असेल" म्हणून घरी थांबू नका. आग्नेय आशियात डेंगीचे डास दिवसा चावतात. आयब्युप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन न देता दवाखान्यात या, आणि आल्या आल्या पहिल्याच वाक्यात सांगा की कुठल्या देशात जाऊन आलात आणि कधी परतलात.